कंट्रोलरचा लॅग घरी कसा मोजायचा, आणि खोक्यावरच्या हर्ट्‌झवर किती विसंबायचं

सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: ‘नवीन वायरलेस कंट्रोलर घेतला. खोक्यावर १००० हर्ट्‌झ छापलंय आणि ब्राउझरमधल्या टेस्टरवरही ९०० च्या पुढे आकडा दिसतो. पण फुटबॉल गेममध्ये मित्राच्या जुन्या वायरवाल्या कंट्रोलरवर पास लगेच जातो, माझ्यावर किंचित उशिरा जातो असं वाटतं. हा भास आहे का? लॅग घरी मोजता येतो का? आणि मित्राच्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकते, तिचं काय करायचं?’

भास असेलच असं नाही, आणि घरी मोजताही येतं. ब्राउझरमधला ९०० चा आकडा खरा असूनही तुमचा पास उशिरा जाऊ शकतो, कारण तो आकडा उशिराचा, म्हणजे लॅगचा, नाहीच. कंट्रोलर सेकंदाला किती वेळा बोलतो एवढंच तो सांगतो. जे बोलतो ते किती शिळं आहे, हे त्यातून कळत नाही. मी दिवसा कुपवाड एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करतो आणि संध्याकाळी कंट्रोलर दुरुस्त करतो. दोन्ही कामांत पहिला प्रश्न एकच असतो: मोजताय ते नक्की कुठून कुठपर्यंत?

तुम्ही बटण दाबता तिथपासून पडद्यावर खेळाडू हलेपर्यंत बरंच काही घडतं. बोट बटण खाली नेतं, आतला रबर किंवा मायक्रोस्विच संपर्क करतो. कंट्रोलरमधली चिप ठरावीक वेळाने सगळी बटणं तपासते, तेव्हा तिला हा संपर्क दिसतो. संपर्क होताना तो थरथरतो, काही क्षण चालू-बंद-चालू होतो, म्हणून चिप त्याची खात्री करते. यालाच डिबाउन्स म्हणतात. मग रिपोर्ट तयार होतो आणि यूएसबी किंवा रेडिओने पीसीकडे जायची वाट बघतो. पीसीचा ड्रायव्हर तो घेतो, गेम पुढच्या फ्रेमच्या (पडद्यावरच्या पुढच्या चित्राच्या) सुरुवातीला तो वाचतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, मॉनिटर ते वरून खाली एकेक ओळ करत दाखवतो. प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. खोक्यावरचे हर्ट्‌झ यातल्या फक्त एका टप्प्याचे असतात: रिपोर्ट तयार झाल्यावर पीसीने तो उचलेपर्यंतचे.

त्या टप्प्याचा हिशेब सोपा आहे. २५० हर्ट्‌झ म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एकदा विचारणा. बटण मधे कधीही दाबलं जाऊ शकतं, म्हणून सरासरी थांबणं २ मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त ४. १००० हर्ट्‌झला सरासरी अर्धा मिलिसेकंद. म्हणजे २५० वरून १००० वर गेल्यावर सरासरी दीड मिलिसेकंद वाचला. १२५ वरून गेलात तर साडेतीन. फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण आतली चिप बटणं दर ८ मिलिसेकंदांनीच तपासत असेल, किंवा डिबाउन्ससाठी १० मिलिसेकंद थांबत असेल, तर तोच शिळा निकाल सेकंदाला हजार वेळा पाठवला जातो आणि टेस्टर ९०० दाखवतो.

डिबाउन्सवर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. तो दोन पद्धतींनी करतात. एकीत पहिला संपर्क दिसताच ‘दाबलं’ असं कळवायचं आणि पुढचे काही मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करायचं. दुसरीत संपर्क काही मिलिसेकंद स्थिर राहतोय याची आधी खात्री करायची, मग कळवायचं. पहिल्या पद्धतीत दाबण्याला जवळजवळ उशीरच लागत नाही. दुसरीत प्रत्येक दाबाला ठरलेला दंड बसतो. चिप तीच, बटणं तीच, फरक फर्मवेअरमधल्या, म्हणजे चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममधल्या, चार ओळींचा. म्हणून एकसारखे दिसणारे, एकाच किमतीचे दोन कंट्रोलर वेगळे निघतात, आणि म्हणूनच फर्मवेअर अपडेटनंतर जुनं माप टाकून नवं घ्यावं लागतं.

पाच मिलिसेकंद माणसाला कळतात का, असं कोणीतरी विचारतंच. डोळ्याने दिसलेल्या गोष्टीला हाताचा प्रतिसाद यायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, मग पाचाने काय बिघडतं? बिघडतं ते असं. सेकंदाला ६० फ्रेमवर चालणारे बहुतेक गेम दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदाच बटणं वाचतात. तुमचा दाब ५ मिलिसेकंद उशिरा पोचला तर बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, पण शंभरातल्या साधारण ३० वेळा तो या फ्रेमऐवजी पुढच्या फ्रेममध्ये पडतो. त्या ३० वेळा पूर्ण १६.६७ मिलिसेकंदांचा उशीर होतो. उशीर १० मिलिसेकंद असेल तर शंभरात ६० वेळा. म्हणून जाणवतं ते ‘कधी जातो, कधी जात नाही’ असं. तुम्ही ‘किंचित’ हा शब्द वापरलात, तो या चित्राशी जुळतो. फायटिंग गेममध्ये जिथे एकाच फ्रेमची संधी असते, तिथे हा फरक सामना फिरवतो. फुटबॉलमध्ये तेवढा नाही, तरी पहिल्या स्पर्शात पास देणाऱ्याला कळतोच.

आता मोजणं. पहिली पद्धत मोबाइलची, आणि तुमच्यासाठी हीच पुरेशी आहे. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा. प्रत्येक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. कुपवाडच्या भाषेत हे तुमच्या उपकरणाचं लीस्ट काउंट, म्हणजे त्याला दिसणारं सगळ्यात लहान माप. कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. बटण दाबल्याचा क्षण डोळ्याने ओळखता येत नाही, बोट सावकाश खाली जाताना दिसतं आणि संपर्क कुठल्या फ्रेमला झाला ते कळत नाही. त्यासाठी दिवा लागतो.

तुमचा कंट्रोलर नवा आहे, उघडला तर वॉरंटी जाईल. म्हणून असं करा. बटणावर ॲल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा चिकटवा, दुसरा तुकडा बोटाच्या टोकाला गुंडाळा. दोन्हींना बारीक वायर लावून मधे दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर घाला. फॉइलला फॉइल टेकली की दिवा लागतो. बोट बटणावर ठेवून मग दाबू नका, एक-दोन सेंटिमीटर वरून सरळ मारा. या मोजमापात बटणाचा खाली जाण्याचा प्रवासही येतो, आणि तो यायलाच हवा, कारण खेळताना तुमचं बोट तो प्रवास करतंच. बोटाचा वेग सेकंदाला १०० मिलिमीटर धरला तर एक मिलिमीटर खाली जायला १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे खोल बटण आणि उथळ बटण यांतला फरक हर्ट्‌झच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. मायक्रोस्विचची बटणं ‘फास्ट’ वाटतात त्याचं मोठं कारण हेच, त्यांचा प्रवास कमी असतो.

व्हिडिओ पीसीवर घेऊन व्हीएलसीमध्ये उघडा. ‘ई’ कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जातो. दिवा पहिल्यांदा लागलेला फ्रेम शून्य धरायचा. पुढे मोजत जा, पडद्यावर पहिला बदल दिसला की थांबा. १४ फ्रेम झाले तर साधारण ५८ मिलिसेकंद. पडद्यावर बघण्याची जागा मात्र दरवेळी तीच ठेवा. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात जवळजवळ अख्खा फ्रेम घेतो. एकदा वर बघितलं आणि एकदा खाली, तर १५ मिलिसेकंदांची चूक फुकट पदरात पडते. शक्य असेल तर गेमऐवजी बटण दाबताच काळ्याचा पांढरा होणारा साधा प्रोग्रॅम वापरा, कारण खेळाडूची हालचाल नक्की कधी सुरू झाली यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. बटणांची अदलाबदल करणारी सॉफ्टवेअर मधे चालू असतील तर ती बंद करा, आणि व्ही-सिंक (गेमची चित्रं मॉनिटरच्या तालाशी जुळवणारं सेटिंग) दोन्ही वेळा एकाच स्थितीत ठेवा.

आपल्याकडची एक अडचण सांगतो. खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइटखाली चित्रण केलंत तर व्हिडिओ फडफडतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि २४० फ्रेममध्ये ते स्पष्ट दिसतं. स्वस्त एलईडी बल्बही तसेच. अशा फडफडीत तुमचा लाल दिवा कधी लागला ते हुकतं. दुपारी खिडकीपाशी करा, काम एकदम सोपं होतं.

मोबाइलवर ९६० फ्रेम लिहिलं असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. काही फोन कमी फ्रेम घेतात आणि मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतात. तपासायची युक्ती अशी: ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर दर फ्रेमला एकाने वाढणारा आकडा दाखवा. २४० फ्रेमच्या खऱ्या चित्रणात प्रत्येक आकडा चार फ्रेम टिकायला हवा, ९६० मध्ये सोळा. दिवा अर्धवट पेटल्यासारखा, मागचं-पुढचं चित्र एकमेकांत मिसळल्यासारखं दिसलं, तर ते फ्रेम बनवलेले आहेत. मग २४० वरच या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका दाबाचं माप काहीच सांगत नाही. गेम ६० फ्रेमवर असेल तर तुमचा दाब त्या १६.६७ मिलिसेकंदांत कुठेही पडू शकतो, त्यामुळे एकाच कंट्रोलरची दोन मापं १५ मिलिसेकंदांनी वेगळी येणं अगदी रास्त आहे. मित्राच्या कंट्रोलरवर एकदा ५० आलं, तुमच्यावर एकदा ६२ आलं, आणि निकाल लावला, असं करू नका. गणित असं आहे: १६.६७ मध्ये समान विखुरलेल्या मापांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ४.८ मिलिसेकंद येतं. ५० मापांची सरासरी घेतली तर त्या सरासरीतली अनिश्चितता सुमारे ०.७ उरते, आणि दोन कंट्रोलरच्या सरासऱ्यांची वजाबाकी केली की त्या फरकातली सुमारे १. म्हणून ५०-५० मापांवर २ मिलिसेकंदांच्या वरचा फरक खरा मानायला हरकत नाही. दहा-दहा मापांवर चार-साडेचारच्या आतलं काहीही बोलायचा अधिकार आपल्याला नाही. फॉइलच्या पद्धतीत बोटाचा वेगही बदलतो, म्हणून मी आणखी एक मिलिसेकंद मोकळा सोडतो.

मापं घेताना क्रमही बघा. आधी एकाची ५० आणि मग दुसऱ्याची ५० असं नको. पहिल्याची २५, दुसऱ्याची २५, पुन्हा पहिल्याची २५, पुन्हा दुसऱ्याची २५. मधेच पीसीने अपडेट उतरवायला घेतलं किंवा ग्राफिक्स कार्ड तापून फ्रेम घसरले, तर त्याचा फटका दोघांना सारखा बसतो. पहिल्याच कंट्रोलरच्या दोन गटांत मोठा फरक आला, तर दोष मांडणीत आहे. ती दुरुस्त करा आणि सगळं पुन्हा घ्या.

या पद्धतीने येणारा आकडा कंट्रोलरचा नसतो, अख्ख्या साखळीचा असतो. ‘माझ्या कंट्रोलरचा लॅग ५८ आहे’ असं म्हणता येत नाही. ‘याच पीसीवर, याच मॉनिटरवर माझा मित्राच्यापेक्षा ७ ने मागे आहे’ असं म्हणता येतं, आणि तुमच्या प्रश्नाला तेवढंच हवंय. दुसऱ्याने दुसऱ्या मॉनिटरवर काढलेल्या आकड्याशी आपला आकडा लावून बघणं सोडून द्या.

पडदा आणि गेम बाजूला काढून फक्त कंट्रोलर मोजायचा असेल तर दुसरी पद्धत आहे. तिला सोल्डरिंग येणारा हात आणि वॉरंटी संपलेला कंट्रोलर लागतो. इंजिनिअरिंगला असाल तर जरूर करा, शिकायला फार मिळतं. रास्पबेरी पाय पिको किंवा अर्डुइनो लिओनार्डोसारखा, स्वतः यूएसबी कीबोर्ड बनू शकणारा बोर्ड घ्या. बोर्डाची एक पिन ऑप्टोकपलरमार्फत, म्हणजे प्रकाशाने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत, कंट्रोलरच्या बटणाच्या दोन टोकांना जोडा. बोर्ड पिन चालू करतो त्याच क्षणी कीबोर्ड म्हणून एक कळही पाठवतो. पीसीवर लिनक्स चालवा. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक घटनेला वेळेचा शिक्का मारतो, तो इव्हटेस्ट नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतो, किंवा पायथनच्या इव्हडेव्ह लायब्ररीने नोंदवता येतो. कळ आली ती वेळ आणि कंट्रोलरचं बटण आलं ती वेळ, यांची वजाबाकी करा. दोन्ही शिक्के एकाच घड्याळाचे, त्यामुळे बोर्डाचं घड्याळ आणि पीसीचं घड्याळ जुळवायची कटकट नाही. बोर्डाचा स्वतःचा यूएसबी अंतराल १ मिलिसेकंद ठेवा, म्हणजे त्याच्याकडून सरासरी अर्ध्या मिलिसेकंदाची भर पडते, ती शेवटी मिळवायची.

दोन गोष्टी सांभाळा. ऑप्टोकपलरच्या जागी रिले लावू नका. रिलेचा संपर्क जुळायलाच काही मिलिसेकंद जातात आणि वर तो स्वतः थरथरतो, म्हणजे तुम्ही रिलेच मोजत बसता. ऑप्टोकपलरला दिशा असते, त्यामुळे मल्टिमीटरने बटणाच्या कुठल्या टोकाला जास्त व्होल्टेज आहे ते बघून मगच जोडा, उलटा लावला तर बटण दाबलंच जात नाही. दुसरी गोष्ट वेळेची. बोर्डाला दर १०० मिलिसेकंदांनी बरोबर ठोक्यावर दाबायला सांगू नका. कंट्रोलरची तपासणी ४ किंवा ८ मिलिसेकंदांच्या तालावर चालते. तुमचा ठोका त्या तालाशी जुळला तर प्रत्येक दाब तालातल्या एकाच जागी पडतो, आणि सगळी मापं सुंदर, एकसारखी, पण चुकीची येतात. दोन दाबांतलं अंतर ८० ते २०० मिलिसेकंदांमध्ये मायक्रोसेकंदाच्या बारकाईने विस्कळित ठेवा. आलेख फार देखणा दिसला की मी आधी हेच तपासतो.

या पद्धतीने हजार मापं चहा होईपर्यंत मिळतात. मग सरासरीवर थांबू नका. सगळ्यात लहान माप, मधलं माप, आणि शंभरातली ९५ मापं ज्याच्या आत येतात तो आकडा, असे तीन आकडे लिहा. सगळ्यात लहान माप डिबाउन्स आणि प्रक्रियेचा कायमचा दंड दाखवतं. लहान आणि मोठ्यातलं अंतर तपासणीचा खरा अंतराल दाखवतं: खोक्यावर १००० हर्ट्‌झ आणि मापं मात्र ८ मिलिसेकंदांत सपाट पसरलेली, तर आतली चिप १२५ वरच चाललीय हे उघड. लिनक्सवर यूएसबी विचारणेचा अंतराल १ मिलिसेकंदावर आणता येतो, पण अशा कंट्रोलरला त्याने फार मिळत नाही, कारण अडलंय ते आत.

९५ वाला आकडा वायरलेससाठी मोलाचा. सरासरी ६ आणि ९५ वाला ९, तर उत्तम. सरासरी ६ आणि ९५ वाला ३०, तर तो कंट्रोलर मधूनमधून अडखळतो, आणि खेळताना मन खट्टू होतं ते त्यानेच. असे उडालेले आकडे रेडिओतून येतात. माहितीचं एक पाकीट (पॅकेट) हरवलं की ते पुन्हा पाठवावं लागतं.

वायरलेसमध्येही सगळं एक नाही. ब्लूटूथ लो एनर्जीवर दोन भेटींमधला अंतराल सहसा कमीत कमी साडेसात मिलिसेकंद, म्हणजे सरासरी पावणेचार तिथेच गेले. जुन्या ब्लूटूथचा स्लॉट, म्हणजे बोलण्याची एक पाळी, ०.६२५ मिलिसेकंदांचा असतो. कंट्रोलरसोबत येणारा, पीसीला खोचायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा डाँगल नीट बनवला असेल तर १ मिलिसेकंदावर चालू शकतो. तुमच्याकडे डाँगल असेल आणि तुम्ही ब्लूटूथने खेळत असाल, तर आधी डाँगल लावा. वायर नेहमीच जिंकते असंही नाही. ड्युअलशॉक ४ पीसीला वायरने जोडला तर साधारण २५० हर्ट्‌झवर रिपोर्ट देतो आणि ब्लूटूथवर त्याहून जास्त वेळा. प्लेस्टेशन ५ ला वायर लावली तरी सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या संपर्कासाठी यूएसबी केबल निवडलेली नसेल तर बोलणं ब्लूटूथवरच चालू राहू शकतं, वायर फक्त चार्जिंग करते.

आणि डाँगलची जागा. यूएसबी ३ चं पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून प्रसिद्ध केलंय. कॅबिनेटच्या मागे, पेनड्राइव्हच्या शेजारी खोचलेला डाँगल त्या गोंगाटात आणि पत्र्याच्या आडोशाला बसतो. शंभर फुटी रस्त्याच्या आजूबाजूच्या खोल्यांत तर प्रत्येक भिंतीआड एक राउटर. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घ्या, डाँगल टेबलावर कंट्रोलरसमोर आणा, स्वतःचा वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर टाका. माझ्याकडे ‘लॅग’ म्हणून येणाऱ्या वायरलेस कंट्रोलरपैकी बरेच एवढ्यावर परत जातात.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू आहे ना बघा. तो बंद असताना चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत कित्येक टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद खातात. त्यापुढे कंट्रोलरची चर्चाच व्यर्थ.

स्टिक ही वेगळी बाब आहे. बटणाचं माप स्टिकला लागू होत नाही. स्टिकचा सिग्नल सतत बदलणारा असतो, त्यातला थरथराट लपवायला काही कंपन्या फर्मवेअरमध्ये सरासरी काढतात, आणि सरासरी म्हणजे उशीर. पण त्याहून मोठा चोर डेडझोन आहे, म्हणजे मध्याभोवतीची, गेम दुर्लक्ष करतो ती जागा. विंडोजवर गेम ज्यातून कंट्रोलर वाचतात त्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये स्टिकची मोजपट्टी ३२७६७ पर्यंत जाते आणि डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. उजवीसाठी ८६८९. गेमने हे आकडे तसेच घेतले तर स्टिक पाव अंतर सरकेपर्यंत गेमच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. जोरात ढकललेली स्टिक मध्यापासून कडेला ४० मिलिसेकंदांत पोचते असं धरलं, तर १० मिलिसेकंद त्या पाव अंतरात गेले. १००० हर्ट्‌झसाठी जादा पैसे मोजून दीड मिलिसेकंद मिळतो, आणि डेडझोन २४ वरून ८ वर आणला तर सहा-सात मिलिसेकंद फुकट मिळतात. ट्रिगरचंही तसंच, तिथे सुचवलेली मर्यादा २५५ पैकी ३० आहे. काही कंट्रोलरला ट्रिगरचा प्रवास तोडणारी कळ असते. तुमच्या फुटबॉल गेममध्ये धावण्याचं बटण ट्रिगरवर असेल तर ती लावून बघा.

डेडझोन किती खाली आणता येईल, हे स्टिकची तब्येत ठरवते. टेस्टर उघडा, स्टिक वर ढकलून सोडा, आकडा लिहा. मग खाली, डावीकडे, उजवीकडे, तिरपी, प्रत्येक बाजूने ढकलून सोडा. ती कुठे येऊन थांबते त्या आकड्यांतला सगळ्यात मोठा घ्या, त्यावर थोडी मोकळीक ठेवा, तो तुमचा डेडझोन. मित्राची स्टिक सोडल्यावर १५-२० टक्क्यांवर उभी राहत असेल तर तिचं पोटेन्शिओमीटर झिजलंय. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक पातळ पाती घासत फिरते, आणि पट्टी मध्याशी सगळ्यात जास्त खरवडली जाते. फवारा मारून ती काही दिवस शांत होते, गेलेला कार्बन परत येत नाही. मॉड्यूल बदलायचं. ते सहसा १४ जागी सोल्डर केलेलं असतं, सोल्डर शोषून घेणारं चांगलं साधन नसेल तर बोर्डाचे ट्रॅक उपटून येतात, म्हणून हे घरी पहिल्यांदा शिकायचं काम नाही. हॉल इफेक्टचं मॉड्यूल टाकलं तर घासणं संपतं, कारण तिथे चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत. पण मध्यबिंदू आणि वर्तुळ पुन्हा जुळवावं लागतं. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरमध्ये हे कॅलिब्रेशन आतल्या मेमरीत असतं, तेही करून देणाऱ्याकडेच द्या.

मित्राचा कंट्रोलर जुना आहे म्हणून आणखी एक गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुरानंतर माझ्याकडे पाणी लागलेले बरेच कंट्रोलर आले. उघडल्यावर बोर्डावरच्या काळ्या कार्बनच्या नक्षीवर पिठासारखा बारीक गाळ वाळलेला असायचा, नुसत्या डोळ्याला डाग वाटावा इतका पातळ. मल्टिमीटर लावून रबर दाबला की रेझिस्टन्स खूप वर दाखवायचा, आणखी जोरात दाबल्यावर खाली यायचा. विजेच्या दृष्टीने उशीर झालेला नसतो, पण बोटाला जास्त खोल जावं लागतं तेव्हा संपर्क होतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे खोली म्हणजे वेळ. एकाच कंट्रोलरमधलं एक बटण ‘लॅग’ करतं आणि शेजारचं करत नाही, असं दिसलं तर रेडिओ किंवा हर्ट्‌झकडे बघूच नका. उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने नक्षी आणि रबराची काळी गुंडी हलक्या हाताने पुसा. खरवडू नका, तो कार्बनच निघून जाईल.

आता तुमचं. आधी डाँगल एक्स्टेन्शनवर घ्या, डेडझोन कमी करा, मॉनिटरऐवजी टीव्ही असेल तर गेम मोड लावा. मग फॉइल आणि दिव्याने दोन्ही कंट्रोलरची ५०-५० मापं घ्या. तुमचा कंट्रोलर वायर लावूनही चालत असेल तर वायरवर आणि डाँगलवर अशी वेगवेगळी घ्या. वायरवर मित्राच्या बरोबरीला आला आणि डाँगलवर मागे पडला, तर दोष रेडिओत आहे. वायर लावून खेळा किंवा खोलीतल्या इतर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वस्तू बंद करून पुन्हा मोजा. दोन्हीकडे सारखाच ८-१० मिलिसेकंदांनी मागे असेल तर तो डिबाउन्स, तपासणीचा अंतराल किंवा बटणाची खोली यांतला दोष आहे. फर्मवेअर अपडेट करून एकदा पुन्हा मोजा. तरी तेवढाच राहिला आणि परत करायची मुदत शिल्लक असेल तर परत करा. दुकानात जाताना मापांचा कागद आणि दिवा लागण्यापासून पडदा बदलण्यापर्यंतचा व्हिडिओ न्या. फरक तीनच्या आत असेल तर कंट्रोलर ठेवून घ्या, त्यात काही कमी नाही.